एकाच चुलीवर दोन दुखणी



ऊस विकास खात्याने या पानावर लिहायचे म्हणजे बेणे, खत, पाणी, नाहीतर हुमणी, हे आता ठरूनच गेले आहे. या अंकात मात्र थोडे बांधापलीकडचे लिहिणार आहे. त्याला कारण आमची नोंदीची वही. पूर्वी लागणीची नोंद घ्यायला गावात गेले म्हणजे सभासद बांधावर हमखास भेटत असे. आता घरी चौकशी केली तर पुष्कळदा उत्तर येते, "दवाखान्यात गेलेत." आणि चमत्कारिक गोष्ट अशी की, एकाच घरातली दोन माणसे दोन उलट्या दुखण्यांसाठी दवाखान्याची पायरी चढताहेत. सासरे साखर वाढली म्हणून लातूरला, आणि सून रक्त कमी झाले म्हणून निलंग्याला. एकाला जास्तीचे दुखणे, एकीला कमतरतेचे, आणि दोघांचा स्वयंपाक एकाच चुलीवर.

जुन्या लोकांचा हिशेब सरळ होता. गरिबाला उपासमारीचे रोग आणि शेठजीला खाण्याचे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे अजून गावोगाव आहेत. रेशनची तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्यांच्या जिभेवरून गेलेली नाही. त्यानंतर तेरणा-मांजरेच्या काठाने मोटारी बसल्या, ऊस आला, कारखाना आला आणि पोट भरले. पोट भरले म्हणजे तब्येतीचा प्रश्न मिटला असे आपण सगळ्यांनीच धरून घेतले. हे केवळ आपल्याकडचे नाही. आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतल्या किती तरी देशांत जुनी उपासमार पुरती हटलेली नाही आणि नवे आजार मात्र येऊन बसले आहेत. जागतिक आरोग्य संघटना याला कुपोषणाचा दुहेरी बोजा म्हणते. बोजा हा शब्द आपल्याला सात-बाऱ्यावरून चांगला ठाऊक आहे, तेव्हा जास्त समजावून सांगत नाही.

आकडे थोडेच देतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 स्त्रियांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या 100 मुलांपैकी 35 मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. आणि त्याच पाहणीत, त्याच राज्यात, 100 पैकी 23 स्त्रिया व जवळपास 25 पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे होते. मधुमेहाची देशव्यापी मोजणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झाली, ती 2023 साली प्रसिद्ध झाली. देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही आणि आणखी 13 कोटी 60 लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर, असा तो अंदाज आहे. शहरातला रोग म्हणून बाजूला सारावा अशी आता सोय राहिलेली नाही.

आता आपल्या ताटाकडे या. आपल्या भागात खरिपाला हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद, तूर आणि रब्बीला मालदांडी, हरभरा, करडई असा पीक-फेर होता. भाकरी घरची, डाळ घरची, तेल घाण्याचे करडीचे. पुढे खरीप सोयाबीनने घेतला आणि पाण्याखालचे रान उसाने घेतले. दोन्ही पिकांनी पैसा दिला, त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण, माझा पगारच उसावर आहे. पण ही दोन्ही पिके घरात शिजत नाहीत, एवढे मात्र खरे. तूर अजून होते, पण ती पोत्याने लातूरच्या आडतीवर जाते आणि तीच डाळ होऊन दुकानातून किलो-किलोने परत येते, तीही भाव चढला की पातळ होत जाते. ज्वारीला राखण नको, काढणी नको, मळणी नको म्हणून ती सोडली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, तेव्हा भाताचे प्रमाण वाढले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली काढलेल्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 4 मिलिग्रॅम लोह आणि 10 ग्रॅम चोथा असतो. तेवढ्याच सडलेल्या पांढऱ्या तांदळात लोह पाऊण मिलिग्रॅमसुद्धा नाही आणि चोथा 3 ग्रॅमच्या आत. गव्हाला नावे ठेवण्याचे कारण नाही. घरच्या चक्कीवरचे कोंड्यासकट पीठ चांगलेच आहे. पण सकाळी उठल्या-उठल्या पोटात जाते ते गव्हाचे पीठ नव्हे, तो बिस्किटाचा आणि खारीचा मैदा असतो.

आपल्या गावाच्या नावाने सगळ्या जिल्ह्यात गाडे लागतात तो निलंगा राईस मलाही आवडतो. पण तो अधूनमधून खायचा जिन्नस आहे. औराद शहाजानीला किंवा कासारशिरसीला कामाला गेलेला माणूस रोज सकाळी त्यावरच भागवू लागला, तर दिवसाचे निम्मे खाणे भातावर आणि तेलावरच निघते.

भाज्यांचे तर विचारूच नका. तांदुळजा, घोळ, पाथरी, माठ, चाकवत यांना शेतकऱ्याने कधी बी विकत घेऊन पेरले नव्हते. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात भाजी घेऊन यायची. आता खुरपणाला माणूस मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही, म्हणून आपण टू-फोर-डी आणि अॅट्राझीन मारतो. शिफारस आमच्याच खात्याची आहे आणि तणासाठी ती ठीकही आहे. पण त्या फवाऱ्यात तण गेले तशी घरची फुकटची पालेभाजीही गेली, हा हिशेब कोणी मांडत नाही. दुधाचीही तीच गत. दूध डेअरीला आणि पोराच्या हातात चहात बुडवलेले बिस्किट.

वर्षातून एक दिवस मात्र आपले ताट बरोबर असते. येळवशीला आपण रानात जातो, कडब्याची कोप करतो, पांडवांची पूजा करतो आणि मग जे जेवतो ते आठवा. असतील नसतील तेवढ्या भाज्या, हिरव्या शेंगा, वाटाणा, हरभरा, तूर घालून केलेली भज्जी, ज्वारी-ताकाची आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. कुठल्याही आहारतज्ज्ञाला विचारा, याहून फार वेगळे ताट तो मांडून देणार नाही. खीर वर्षातून एकदाच असते, तीही चालते.

रक्त कमी होण्याचा विषय उसाच्या भाषेत सांगितला तर लवकर पटेल. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात खोडव्यावर केवडा पडतो. नवी पाने पिवळी-पांढरी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. रानात लोह नसते असे नाही, ते असते, पण चुनखडीमुळे मुळाला उचलता येत नाही. म्हणून आपण एकरी 10 किलो हिराकस शेणखतात मुरवून देतो. बाईच्या अंगातही असेच होते. भाकरी आहे, डाळ आहे, थोडे लोह पोटात जाते, पण जेवणावर लगेच कपभर चहा पडला की चहातला तुरटपणा त्यातले बरेचसे लोह धरून ठेवतो आणि ते अंगी लागत नाही. चहाने जे अडवले ते लिंबाने सुटते. जेवणात अर्धे लिंबू, कच्ची कैरी, आवळा असेल तर धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, एवढे एक पथ्य घरात पाळले तरी दमडीचा खर्च नाही.

मोठ्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते असे 2020 सालचे शासकीय प्रमाण आहे. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातून 12 मिलिग्रॅम मिळते. म्हणजे भाकरी सुरू केली की काम झाले, असेही नाही. डाळ, पालेभाजी, तीळ, आणि खाणाऱ्यांनी अंडी-मटण हे वर लागतेच. त्यातून जिचे रक्त 12 च्या खाली, आणि गरोदर असेल तर 11 च्या खाली आहे, तिला गोळी घ्यावीच लागेल. उपकेंद्रातून मिळणारी लाल गोळी आणि शाळेतल्या मुलींची निळी गोळी, दोन्हींत लोह असते. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून पुष्कळ घरांत ती पत्र्याच्या डब्यात पडून राहते. काळे होण्यात घाबरण्यासारखे काही नसते. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यावी आणि नर्सबाईंना विचारावे. (हिराकसाचे नाव घेतले म्हणून सांगतो, खताच्या दुकानातला हिराकस कोणी पोटात घेऊ नये. आमच्याकडे विचारणारे भेटलेले आहेत!)

आणि एक गोष्ट लिहायला थोडी अवघड वाटते, तरी लिहितो. घरात बाई शेवटी जेवते. डाळीतली डाळ तोवर संपलेली असते, राहते ते वरचे पाणी. ज्या घराची उसाची बिले आमच्या हातून जातात, त्या घरातसुद्धा हेच आहे. यात पैशाचा दोष नाही.

याचा मधुमेहाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो शोधून काढण्यात आपल्या महाराष्ट्रातल्याच डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. ही शेतकऱ्यांचीच घरे. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची जन्मत होती, इंग्लंडमधली 3.5 किलोची. दिसायला हडकुळी. पण मोजून पाहिले तेव्हा मांस कमी आणि वजनाच्या मानाने चरबी भरपूर राखलेली. बारीक पण चरबीचे बाळ. आईच्या पोटात उपाशी राहिलेले असे मूल पुढे भरल्या ताटावर बसले, हालचाल कमी झाली, की त्याला मधुमेह लवकर गाठतो, असा त्या कामाचा रोख आहे. दूध-अंड्यांतून मिळणाऱ्या ब-12 जीवनसत्त्वाची आईला कमतरता असणे, याचाही त्यात हात दिसला.

आपण यावर मान डोलवायला हरकत नाही, कारण आपण बेण्याच्या बाबतीत हेच रोज सांगतो. बेणेमळ्याला खत-पाणी कमी पडले की डोळा कमकुवत निघतो आणि मग पुढे कितीही युरिया ओतला तरी फुटवा जोमाचा येत नाही, नुसता पाला माजतो. सासऱ्याचे साखरेचे दुखणे आणि सुनेचे रक्ताचे दुखणे ही म्हणून दोन वेगळी दुखणी नव्हेत. आजची सून उपाशी राहिली तर तिचे पोर पन्नाशीच्या आतच गोळ्या घेऊ लागेल.

आता अवघड जागेचे दुखणे. साखर कारखान्याच्या पत्रात साखर कमी खा असे लिहावे काय? मी म्हणतो, आपणच लिहावे. दुसऱ्याने लिहिले तर आपल्याला उगाच राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावी. म्हणजे साधारण 50 ग्रॅम, आपले चहाचे दहा चमचे. पाच टक्क्यांवर आणली तर आणखी चांगले. आता आपली मोजणी करा. हॉटेलच्या कपात दोन चमचे धरले तर पाच कपांत दिवसाचा हप्ता पुरा झाला. लग्नसराईत, निवडणुकीत आणि गळीत हंगामात पाच कप दुपारपर्यंतच होतात. "आम्ही गुळाचा घेतो, साहेब," असे अभिमानाने सांगणारे भेटतात. गूळ त्याच रसाचा आहे. चव चांगली, दोन-चार क्षार जास्त, पण मधुमेह्याच्या अंगात तो साखरेसारखाच वागतो.

घराघरात साखर कमी खाल्ली तर उसाचा भाव पडेल ही भीती वाजवी नाही. देशात खपणाऱ्या साखरेतला निम्म्याहून जास्त माल मिठाई, बिस्किटे, थंड पेये असल्या कारखानदारीत जातो. शिवाय 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर रस आणि बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवता येऊ लागली, आणि 2025 मध्ये पेट्रोलमधील इथेनॉल 20 टक्क्यांवर गेले. आपला ऊस सभासदाच्या चहावर अवलंबून नाही.

मधुमेह काय करतो हे आमच्या एका गटातल्या सभासदाने दाखवून दिले. नाव सांगत नाही. वय पंचावन्न, माणूस कष्टाळू. तोडलेल्या रानात पाणी बघायला अनवाणी गेले आणि उसाचा बुडखा पायात घुसला. दुखलेच नाही. साखरेने पायाची जाणीव गेली होती आणि साखर आहे हेच त्यांना माहीत नव्हते. चौथ्या दिवशी पायाला वास येऊ लागला तेव्हा घरच्यांनी नेले. दोन बोटे काढावी लागली. एका हंगामाचे बिल त्यात गेले. ज्यांना शुगर आहे त्यांनी तोडलेल्या फडात चप्पल-बुटाशिवाय पाय ठेवू नये आणि रात्री झोपताना तळपाय डोळ्यांनी बघावा, एवढे तरी त्यांच्यावरून घ्यावे.

हे सगळे सभासदाच्या घरचे झाले. पण ऊस तोडतो कोण? तोडीला आलेला कोयता, म्हणजे नवरा-बायको, पहाटे फडात उतरतो आणि रात्री गाडी भरून होईपर्यंत काम करतो. बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे उघड झाले, तेव्हा 2019 साली शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिकडे निकाराग्वा, एल साल्व्हाडोर या देशांत तरणेताठे ऊसतोड मजूर मूत्रपिंड निकामी होऊन मेले, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. उन्हात पाण्याविना राबणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. तेथील काही कारखान्यांनी मग पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती देणे सुरू केले. आपल्याकडे मार्चनंतरची तोड कोणत्या उन्हात होते ते वेगळे सांगायला नको. फडाच्या मालकाने सकाळी पिण्याच्या स्वच्छ पाण्याची टाकी किंवा घागरी फडावर ठेवायला किती लागते? टोळीने "एंट्री" मागितली की आपण चिडतो, ते चिडणे मला समजते. पण पाण्यात काही भांडण नाही.

आता माझे म्हणणे. सभासदांनी ते सर्वसाधारण सभेत मांडावे, पाडावे, बदलावे, पण बोलावे.

सहकारी कारखान्यांत सभासदाला सवलतीच्या दराने साखर देण्याची चाल जुनी आहे. ती बंद करा असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंतु ज्याला हवे त्याला तेवढ्याच सवलतीच्या किमतीत अर्धी साखर आणि अर्धी तूरडाळ घेण्याची मुभा का नसावी? तूर सभासदांच्याच शेतातली घ्यावी, लातूरच्या मिलवर भरडून आणावी. "डाळ वाटणे हे कारखान्याचे काम नव्हे," असा आक्षेप येईल. बेणे, खत, औषध आपण उधारीवर देतोच आणि बिलातून कापून घेतोच. डाळीचे पोते त्याच वहीत बसते. हिशेबाची अडचण मला दिसत नाही. अडचण आली तर ती मनाची असेल.

दुसरे, तपासणीचे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात फुकट तपासण्याची सरकारी योजना चालू आहे, आशाताई त्यासाठी घरोघर अर्ज भरून घेतात. पण बापे माणसे त्या वेळी घरी नसतात. ती भेटतात गट कार्यालयात. तेव्हा हंगामात महिन्यातून एक दिवस उपकेंद्राच्या लोकांना गट कार्यालयात बसवावे, तिथेच बोट टोचावे. उपाशीपोटीची साखर 126 किंवा वर आली तर पुन्हा तपासून औषध सुरू करावे, 100 ते 125 असेल तर ताट आणि चालणे सुधारावे. त्याच दिवशी घरच्या लेकी-सुनांना आणून रक्त बघावे. मातीचा नमुना द्यायला सांगितला की सभासद वर्ष-वर्ष टाळतो हे मला माहीत आहे. रक्ताच्या थेंबाला तरी टाळू नये.

तिसरे काम आमच्या खात्याचे. एकराला दोन गुंठे म्हणजे काही फार नव्हे. बांधाकडेच्या दोन गुंठ्यांत ज्वारी, करडई आणि पालेभाजी घरच्यापुरती घ्यावी, तिथे तणनाशक मारू नये. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात करणाऱ्यांनी सरीच्या बगलेला हरभऱ्याचे आंतरपीक घ्यावे. उसाची वाढ सुरुवातीचे तीन महिने सावकाश असते, तोवर हरभरा हाती येतो आणि रानाला नत्रही ठेवून जातो. फक्त त्या रानात टू-फोर-डी किंवा अॅट्राझीन फवारू नये, हरभरा जळतो. ज्यांना आंतरपीक करायचे आहे त्यांनी लागणीची नोंद देताना चिटबॉयला तसे लिहून द्यायला सांगावे, म्हणजे बियाण्याचा अंदाज आम्हाला घेता येईल. हरभरा महिन्याचा झाला की शेंडे खुडावेत. फांद्या जास्त फुटतात, घाटे जास्त लागतात, आणि खुडलेले शेंडे ओट्यात घालून घरी न्यावेत. त्याची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर कशी लागते, हे येथील कोणाला सांगायला नको.